बंद खोलीतली जबानी

मोहल्ल्यातली पाण्याची टाकी पडली तेव्हा मी आमच्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेची जुळणी करत होते. दुपारची वेळ होती. आधी लाकडी खणांतले अक्षरांचे शिशाचे खिळे थरथरले, मग आवाज आला. काय झालं ते कळायच्या आत गल्लीत पांढरी धूळ भरली आणि तिच्या मागोमाग पाणी आलं. आमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी, आणि त्यात तरंगत आलेली बोरं.

ती बोरं बघून चाचा उठले. हातातली बोरूची लेखणी तशीच घेऊन अनवाणी धावले. त्यांची थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणायचो, रोज टाकीखाली बसून बोरं आणि फुटाणे विकायची. त्या गल्लीत सावली तेवढी एकच होती.

आपा संध्याकाळी ढिगाऱ्याखाली सापडली. तिच्यासोबत पाणी भरायला आलेली एक बाईपण गेली.

चाचा आमच्या छापखान्यात कातिब होते. उर्दू मजकूर तेव्हा खिळ्यांनी जुळवत नसत. पिवळ्या कागदावर हातानं लिहायचा आणि दगडावर उतरवून छापायचा. मराठीचं काम माझे वडील, आबा, आणि मी करायचो, उर्दूचं चाचा. औरंगाबादेत पत्रिका दोन्ही भाषांतल्या निघायच्या, त्यामुळं दोघांशिवाय छापखाना चालणार नव्हता. पण त्या दोघांचं नातं कामापुरतं नव्हतं. निजामाच्या शेवटच्या दिवसांत आबांच्या मागे लोक लागले होते, तेव्हा चाचांनी त्यांना आपल्या घरात लपवून ठेवलं. पोलीस ॲक्शननंतर वारं फिरलं आणि चाचांच्या घरच्यांना बाहेर पडायची भीती वाटू लागली, तेव्हा ती सगळी माणसं आमच्या माडीवर राहिली. हे मला आईनं सांगितलं. दोघं त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत.

आबा पक्षाचे होते. तेव्हा पक्ष म्हटलं की कुठला, ते कुणी विचारत नसे. राज्यात तोच, जिल्ह्यात तोच, सोसायटीत तोच. सिमेंटचा परवाना, मुलाची नोकरी, बदली, फोन, सगळं एकाच दारातून यायचं. आबांनी त्या दारातून काही मागितलं नव्हतं. निवडणुकीची पत्रकं मात्र ते कागदाच्या किमतीत छापून द्यायचे आणि टोपी रोज स्वतःच्या हातानं धुवायचे. आपलं राज्य आहे, आपणच सांभाळायचं, असं त्यांचं म्हणणं.

टाकी बांधली जात होती तेव्हा आमच्या गच्चीवरून सगळं दिसायचं. आबा आणि चाचा दुपारचा चहा घ्यायला वर जात. तिथून त्यांनी पाहिलं की कामावर आलेली सिमेंटची पोती पुन्हा ट्रकमध्ये चढतात आणि ट्रक गंगापूरच्या रस्त्याला लागतो. चोरून नाही, भर दिवसा, हमालांना हाका मारत. त्याच रस्त्यावर पक्षाच्या जिल्हाध्यक्षांच्या शेतात बंगला उभा राहत होता, हे शाळेतल्या पोरांनासुद्धा माहीत होतं. आबा ठेकेदाराच्या माणसाला विचारायला गेले. दुसऱ्या सरकारी कामावर माल चाललाय, असं त्यानं सांगितलं. मग आबा थेट अध्यक्षांकडं गेले. अध्यक्षांनी त्यांना शेजारी बसवून चहा पाजला, जुन्या दिवसांची आठवण काढली आणि माहिती घेतो म्हणाले. आबा समाधानानं घरी आले. आईनं विचारलं, पोती थांबली का? त्या प्रश्नाचा आबांना राग आला.

टाकी पडल्यावर मुंबईहून मंत्री आले. मोहल्ल्यात मांडव घातला, खुर्च्या आल्या. कुणाचीही गय करणार नाही, चौकशी होईल, असं मंत्री बोलले. शेजारी अध्यक्ष मान खाली घालून बसले होते. चाचा मांडवाच्या कडेला उभे होते. आबांनी त्यांचा हात धरून पुढं नेलं आणि मंत्र्यांना सांगितलं की हे आपाचे भाऊ. मंत्र्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला.

काही महिन्यांनी चौकशी अधिकारी आले, निवृत्त न्यायाधीश होते. सरकारी विश्रामगृहात त्यांचं काम चालणार होतं, खोली बंद ठेवून, साक्षीदाराला एकटं आत बोलावून. साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून, असं कारण दिलं गेलं. लोकांनी ते मान्य केलं. मलाही ते बरोबर वाटलं होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी आबा आणि चाचा गच्चीवर बसले. काय काय पाहिलं, ते दोघांनी आठवून आठवून एकमेकांना सांगितलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा आबा म्हणत होते, "बंगल्याचं मी सांगतो. तुम्ही नका सांगू. तुम्हाला त्रास होईल."

चाचा म्हणाले, "बहीण माझी गेली, भाऊसाहेब. त्रास व्हायचा तो होऊन गेला."

आबांना सकाळी बोलावलं, चाचांना दुसऱ्या दिवशी. आबा परत आले ते थेट मोरीत गेले आणि भर दुपारी आंघोळ केली. जेवले नाहीत. काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाले की सांगितलं सगळं, पण अहवाल येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही अशी साहेबांची ताकीद आहे. चाचाही तसेच परतले. दोघं शेजारी बसून काम करत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. मला वाटलं, नियम पाळतायत.

अहवाल मुंबईला गेला, एवढं कळलं. नंतर काही कळेना. कुणी विचारलं तर शासन अभ्यास करतंय, असं उत्तर यायचं. पुढं पुढं जनहितासाठी तो उघड करता येणार नाही, असं बोललं जाऊ लागलं. कुठल्या जनांचं हित, ते कुणी विचारलं नाही. ठेकेदाराला करमाडकडच्या एका रस्त्याचं काम मिळालं. अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत आमदार झाले. लोक त्यांना अध्यक्षच म्हणत राहिले. त्यांच्या बंगल्याला फिकट गुलाबी रंग लागला. गंगापूरला जाणारी एसटी तिथून वळायची तेव्हा सगळ्या माना खिडकीकडं वळायच्या.

आणि मग एके दिवशी आमच्या दारात सरकारी जीप थांबली. टाकी ज्यांनी बांधली त्या पाणीपुरवठा खात्याची सगळी छपाई आमच्या छापखान्याला मिळाली होती. आबांनी मागणी केली नव्हती. निदान घरात कुणाला तसं माहीत नव्हतं. कागदाची रिमं उतरवली जात होती आणि आबा दारात नुसते उभे होते. आईला आनंद झाला, माझ्या लग्नाची काळजी होती तिला. आबा म्हणाले, काम आहे, प्रामाणिकपणानं करू. काम घेतलं त्यांनी.

त्याच सुमारास आपाच्या मुलाला त्याच खात्यात शिपायाची नोकरी लागली. आई गेली म्हणून दिली, असं म्हणत होते. दुसरी जी बाई गेली, तिच्या घरी कुणाला काही मिळालं नाही.

चाचांनी रिमं पाहिली. दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर ते आबांच्या टेबलापाशी आले. मी खिळे परत खणांत टाकत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊसाहेब, एकच विचारतो. त्या खोलीत तुम्ही काय सांगितलं?"

आबा मान वर न करता म्हणाले, "जे ठरलं होतं ते."

"बंगल्याचं सांगितलं?"

आबा म्हणाले, "साहेबांनी बोलू नका म्हणून सांगितलंय. तुम्हालाही सांगितलं असंल. तुम्ही मला सांगितलं का तुम्ही काय बोलला ते?"

चाचा आपल्या जागेवर गेले, लेखण्या धुतल्या, फडक्यात गुंडाळल्या, दौत पुसून पिशवीत ठेवली. मला म्हणाले, "बेटी, निकाहची पत्रिका वाळतेय, हात लावू नको." आणि गेले. परत आले नाहीत. आठवड्यानं कळलं की ते रोशन गेटकडं एका दुसऱ्या छापखान्यात बसतात.

आबा काही दिवस त्यांची वाट बघत राहिले. मग एकदा जेवताना म्हणाले, "भाच्याला नोकरी कशी लागली? नुसती बहीण गेली म्हणून लागते?" आईनं त्यांच्याकडं पाहिलं. मी पण पाहिलं. हे वाक्य आबांच्या तोंडी शोभत नव्हतं.

पण ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं आणि दोन्हीकडून टोचायला लागलं. चाचांच्या भाच्याला नोकरी मिळाली असेल कशाच्या बदल्यात, तर आम्हाला काम मिळालं ते कशाच्या? मी आबांवर नजर ठेवायला लागले. मुलीनं बापावर ठेवावी तशी नाही, परक्यानं ठेवावी तशी. जीप आली की आबा शिपायाशी काय बोलतात, ते कान देऊन ऐकायची. छापखान्यात विजेचं यंत्र आलं, तेव्हा कर्ज कुणाच्या शब्दावर मिळालं, हे मी बँकेतून आलेल्या माणसाला आडून विचारलं. तो म्हणाला, तुमच्या वडिलांची पत चांगली आहे. पत म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळेनासं झालं होतं.

माझ्या लग्नाला अध्यक्ष आले. न बोलावता, असं आबा म्हणाले. अक्षता टाकून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आबांना मोठ्यानं म्हणाले, "काही लागलं तर सांगायचं. आपण काय परके?" मांडवातल्या प्रत्येकानं ते ऐकलं. आबांचा चेहरा मला आठवतो. हसत होते, पण पकडल्या गेलेल्या चोरासारखे. चाचांना पत्रिका गेली होती. ते आले नाहीत. घरातल्या मुलीच्या हाती त्यांनी एक साडी पाठवली.

मोहल्लाही बदलला. आधी कुणाला फोन मिळाला की पेढे वाटले जायचे. आता फोन मिळाला की लोक खालच्या आवाजात विचारायचे, कशाबद्दल? साक्षीला बरेच जण गेले होते. खोली बंद होती, त्यामुळं प्रत्येकाच्या घरात आलेली वस्तू हीच त्याची साक्ष ठरली. कुणाची बदली रद्द झाली, कुणाच्या पोराला वसतिगृहात जागा मिळाली, लगेच हिशेब लागायचा. ज्यानं सिमेंट नेलं, त्याच्याबद्दल बोलणं हळूहळू बंद झालं. त्याच्याबद्दल काय बोलायचं, ते तर सगळ्यांना माहीत होतं. संशय घ्यायला शेजारी उरले.

बरीच वर्षं गेली. आई गेली. आबा थकले आणि सासर गावातच असल्यानं छापखाना मी बघायला लागले. मग राज्यातलं सरकार बदललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बदललं, म्हणून लोकांना काय करावं ते सुचत नव्हतं, काही तर रस्त्यात उगाच एकमेकांना भेटत होते. नव्या पक्षाची आमच्या मोहल्ल्यात सभा झाली, जिथं जुनी टाकी होती तिथंच. दडपून ठेवलेले सगळे अहवाल बाहेर काढू, असं त्यांनी सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या. आबा घरीच होते, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघू."

मी नव्या पक्षाच्या कार्यालयात गेले. बाहेर चपलांचा ढीग होता. आत नवं ऑइलपेंट, नवी खुर्ची, आणि खुर्चीत अध्यक्षांचा मुलगा. गळ्यात नव्या रंगाचं उपरणं. त्यानं मला ओळखलं. ताई, बसा म्हणाला. चहा मागवला. टाकीच्या अहवालाचं विचारल्यावर त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की फार जुनं प्रकरण आहे, मंत्रालयात शोधायला सांगतो. मग आबांची तब्येत विचारली. चहा पिताना मला सारखं वाटत होतं की बाहेरून कुणीतरी मला इथं बसलेलं बघतंय.

तिथून घरी आले ती सरळ आबांच्या खाटेपाशी बसले. त्यांना म्हटलं की अहवाल कधीच येणार नाही, आता तुम्ही कुणाची ताकीद पाळताय? त्या खोलीत काय बोललात ते मला सांगा.

आबा म्हणाले, "मी सगळं बोललो. पोती, ट्रक, बंगला, चहा पाजला ते पण. साहेब ऐकत होते. मग त्यांनी इंग्रजीत लिहून घ्यायला सांगितलं. त्यांचा माणूस टाइप करत होता." त्यांनी खाटेच्या कडेवर बोटं वाजवली. "मी लई बोललो होतो. टायपिंगचा आवाज थोडाच झाला."

"मग?"

"मग कागद पुढं केला. सही करा म्हणाले. मी केली."

आबांनी आयुष्यात कधी वाचल्याशिवाय कागद छापला नव्हता. साध्या बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ ते दोनदा मोठ्यानं वाचायचे, गिऱ्हाईक वैतागायचं तरी. त्यांनी त्या कागदावर न वाचता सही केली होती. निजामाच्या काळात त्यांची सगळी शाळा उर्दूतून झाली होती, कोर्टातली इंग्रजी त्यांना येत नव्हती. पण मला हे कळत नाही, असं साहेबांसमोर म्हणायची त्यांना लाज वाटली. आपल्याच राज्यात, आपल्याच साहेबांसमोर.

"चाचांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मी खरं बोललो, पण सही कशावर केली ते ठाऊक नाही, असं? आणि दारात त्या खात्याच्या कामाची रिमं पडलेली." मग हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी इमानानं सांगितलं असंल, असं मला वाटायचं. म्हणून तर तोंड दाखवता येईना."

दुसऱ्या दिवशी मी आबांना रिक्षात घालून रोशन गेटला चाचांच्या घरी नेलं. चाचांची नजर गेली होती, लिहिणं कधीच सुटलं होतं. दारातल्या पायऱ्या आबांना चढता येईनात, म्हणून चाचाच भाच्याचा हात धरून खाली आले. दोघं ओट्यावर बसले. आबांनी मला सांगितलं तसंच, त्याच क्रमानं, चाचांना सांगितलं.

चाचा ऐकून झाल्यावर म्हणाले, "इंग्रजी कागद?"

"व्हय."

"मला पण तसाच दिला. मी तर अंगठा देऊ का विचारलं. कातिब, आणि अंगठा." ते थोडं हसले, मग त्यांना खोकला आला. "मला वाटलं, तुम्हाला वाचता आला असंल. तुम्ही त्यातून बंगला काढून टाकला असंल आणि मग सही केली असंल. नाहीतर छपाई कशाला देतील?"

"आणि मला वाटलं भाच्याची नोकरी..."

"नोकरी मी मागितली नव्हती. घरी येऊन देऊन गेले." मग चाचा म्हणाले, "भाऊसाहेब, ती छपाई तुम्हाला दिली नाही त्यांनी. मला दाखवायला दिली. आणि नोकरी तुम्हाला दाखवायला."

आबांनी मान डोलावली. भाचा, आता तोही पन्नाशीकडं झुकलेला, दारात चहाचे कप घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवून तो आत निघून गेला आणि आम्ही उठेपर्यंत बाहेर आला नाही.

त्यानंतर आबा जमेल तसं रोशन गेटला जात राहिले. काय बोलत असतील कोण जाणे, परत आले की झोप चांगली लागायची. मला मात्र पूर्ण चैन पडलं नाही. आबांना इंग्रजी येत नव्हती हे खरं, पण अगदीच येत नव्हती असंही नाही. दुकानांच्या पाट्या, लेटरहेड, पावत्या ते इंग्रजीत छापायचे आणि त्यांत चूक कधी निघाली नाही. एखादा शब्द, म्हणजे बंगला, ट्रक, सिमेंट, त्या कागदावर आहे की नाही, हे त्यांना दिसलं नसेल? हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. चाचांनाही नाही. पण तो गेलाही नाही. ज्या खोलीत मी कधी पाय ठेवला नाही, तिथं मी अजून आबांना बसवून त्यांच्याकडं टक लावून बघते, हे मला आवडत नाही.

आबा गेले तेव्हा ओट्यावर माणसं जमली. अध्यक्ष त्याआधीच वारले होते, त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. सगळ्यांत मोठा हार त्याचा होता, निशिगंधाचा. तो आबांच्या अंगावर घालून हात जोडून उभा राहिला आणि मला म्हणाला की मोठा माणूस गेला. गल्लीतली माणसं आबांकडं बघत होती की हाराकडं, ते मला नीट कळत होतं.

चाचांना भाच्यानं धरून आणलं. त्यांना दिसत नव्हतं, त्यांनी हातानं चाचपलं. फुलांवरून हात फिरवला, थांबले, आणि मला विचारलं, "बेटी, एवढा मोठा कुणी आणला?"

मी नाव सांगितलं.

चाचांनी हात काढून घेतला नाही. तो हार त्यांनी सावकाश बाजूला सरकवला, आबांच्या छातीवर हात ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसले. तिरडी उचलेपर्यंत ते तसेच बसून राहिले. भाचा मागे उभा होता आणि तो सारखा माझ्याकडं बघत होता, मी आबांकडं बघायची तसा.